निरोपांच्या बंद पेठा

अमरावती जिल्ह्यात धामणगाव एकच नाही. गढीचे वेगळे, रेल्वेचे वेगळे. पत्त्यावर ‘रेल्वे’ एवढा शब्द असला की टपाल नेमक्या गावी पोहोचे. तार तर कोणत्याही कचेरीतून कोणत्याही कचेरीला जाई. ती तारसेवा जुलै 2013 मध्ये बंद झाली. तिची जागा घेणाऱ्या मोबाइलवरील निरोप्यांची रीत मात्र उलटी आहे. व्हॉट्सॲपवरून शिक्षकाने धाडलेला निरोप टेलिग्रामवर बसलेल्या विद्यार्थ्याला मिळत नाही; ॲपलचा आयमेसेज अँड्रॉइडच्या फोनवर मुळी चालतच नाही.

गुणावगुण पाहू गेल्यास प्रत्येकाची धाटणी निराळी. व्हॉट्सॲपने एप्रिल 2016 मध्ये सर्व संदेश दोन टोकांमध्ये कुलूपबंद केले. मधल्या कंपनीलाही मजकूर वाचता येत नाही. टेलिग्रामच्या गटात दोन लाख माणसे मावतात, उशिरा आलेल्यालाही मागची टिपणे सापडू शकतात. स्पर्धापरीक्षेचे उमेदवार तिकडे वळतात ते उगाच नव्हे. परंतु तेथील साधे संभाषण तसे कुलूपबंद नसते. त्यासाठी ‘गुप्त संभाषण’ वेगळे उघडावे लागते, आणि गटाला तर तीही सोय नाही. सिग्नल नफा न कमावणाऱ्या प्रतिष्ठानाचे. मोबाइल क्रमांक न दाखवता बोलण्याची सोय त्याने 2024 साली केली. वर्गाच्या गटामुळे आपला क्रमांक अनोळखी हातांत पडल्याचे सोसणाऱ्या शिक्षिकेला तिचे मोल सांगावे लागणार नाही. पण तिने सिग्नलवर जावे, तर तेथे पालक नाहीत!

म्हणजे निवड गुणांवर होत नाही, गर्दीवर होते. हाइक या भारतीय ॲपने जानेवारी 2021 मध्ये दुकान मिटले. विंडोज फोनवरील व्हॉट्सॲप 2019 अखेर थांबले. फोन शाबूत, निरोप बंद. युरोपीय संघाच्या कायद्याने 2024 पासून व्हॉट्सॲपला इतर सेवांसाठी दार उघडणे बंधनकारक केले आहे. तशी मागणी इथेही व्हावयास हवी.

तोवर निदान एक गोष्ट शाळा-कचेऱ्यांच्या हाती आहे. रात्री दहाला गटावर पडलेला हुकूम सकाळी ‘वाचला नाही’ म्हणून कुणाच्या अंगाशी येऊ नये. ज्याच्यापाशी ते ॲप नाही, किंवा ज्याचा फोन जुना झाला, त्याने गुन्हा केलेला नसतो. आदेश आधी आवक नोंदवहीत चढावा, फलकावर लागावा. गटावर त्याची आठवण दिली तर हरकत नाही.