मठाची मदिरा आणि मोहाची दारू

केंटकीची बर्बन घ्यावी, तीत फ्रान्सच्या बेनेडिक्टीनची थोडी धार सोडावी, बर्फावर ढवळावे आणि वर लिंबाच्या सालीचा सुवास द्यावा. या मिश्रणास 'केंटकी कर्नल' म्हणतात, आणि ते सिद्ध करणारास हल्ली कलावंत म्हणण्याची रीत आहे. आदिलाबाद जिल्ह्यात उटनूरकडची गोंड बाई मोहाची वाळलेली फुले भिजत घालते, ती आंबली की मडक्यातून अर्क उतरविते; तिला मात्र गुन्हेगार म्हणतात. हा भेद पदार्थाचा की माणसाचा, एवढाच आमचा प्रश्न आहे.

आम्ही वकील आहोत, पण मद्याचे वकीलपत्र आम्ही घेतलेले नाही. देवळाच्या सभामंडपात बसणाऱ्या आमच्या वाचकांस मद्याचा तिटकारा असेल, तर तो त्यांस शोभतोच. परंतु तिटकाऱ्यालाही न्याय सोडून चालत नाही.

शार्त्रूझ नावाचे मद्य कार्थुसियन साधूंच्या मठातले. सुमारे १३० वनस्पतींचा तो अर्क, आणि त्याची कृती साधूंनी प्राणपणाने जपली. बेनेडिक्टीन १८६३ मध्ये एका व्यापाऱ्याने बाजारात आणली, पण नाव घेतले साधूंच्याच पंथाचे. मठाचे नाव लागले की मद्याला प्रतिष्ठा येते! मग गोंडांच्या पेरसा पेनाच्या पूजेत मोहाच्या दारूची जी धार भूमीवर पडते, तिला का येऊ नये?

अमेरिकेच्या काँग्रेसने १९६४ मध्ये बर्बनला आपल्या देशाचे वैशिष्ट्यपूर्ण उत्पादन ठरविले. तीत निदान ५१ टक्के मका हवा, ती आतून जाळलेल्या नव्या ओक पिंपात मुरावी, असे तिथला कायदा सांगतो. शेतकऱ्याचे मद्य राष्ट्राने असे उचलून धरले. आपण काय केले? फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच बर्बनवरील आयातशुल्क १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आणले. परदेशच्या मक्यासाठी दार उघडले, आणि आपल्या अरण्यातल्या फुलासाठी शिपाई पाठविला!

हे अशक्य होते असेही नाही. गोव्याच्या काजूफेणीस २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. काजूच्या बोंडांची भट्टी आमच्या कोकणी वाचकांस नवी नाही. त्या भट्टीमुळे गोव्याची अब्रू गेली असे कोणी म्हटलेले आमच्या ऐकिवात नाही. मध्य प्रदेशाने २०२२ मध्ये मोहाच्या मद्यास 'वारसा' म्हणून मान्यता दिली. तेलंगणात मात्र परवान्यावाचून मद्य गाळणे १९६८ च्या आबकारी कायद्यान्वये गुन्हाच राहिला.

यावर आक्षेप ठरलेला आहे: दारूने संसार बुडतात. मान्य! १९९२ मध्ये नेल्लोरकडील दुबगुंट्याच्या बायांनी अरकाविरुद्ध जे रान उठविले, त्यास आमचा नमस्कार असो. परंतु त्यांचा झगडा कोणाशी होता? सरकारी लिलावातून मक्ता घेऊन गावोगाव अरक पोहोचविणाऱ्या ठेकेदारांशी. काळा गूळ व तुरटी घालून विकली जाणारी गुडुंबा पकडावी, अवश्य पकडावी. मोहाचे फूल मात्र निराळे आहे. ते पहाटे गळते, बाया-पोरे ते वेचतात, टंचाईत ते शिजवून खातात, त्याचे लाडू वळतात. अन्न आणि पूजाद्रव्य एकाच झाडाचे आहे. घटनेचे ४७ वे कलम मद्यनिषेधाचा उपदेश करते, हेही खरे. पण ते कलम मोहाच्या मडक्यापुढे वाचणाऱ्यांनी विमानतळावरील मद्यविक्रीच्या दुकानापुढेही एकदा वाचून दाखवावे.

उपाय कायद्यातच आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात मद्यबंदी करण्याचा अथवा मद्याची विक्री व सेवन नियंत्रित करण्याचा अधिकार ग्रामसभेस व पंचायतीस द्यावा, असे राज्यांस बजावले आहे. वनोपजावरील मालकीही तीतच आली. तेव्हा देवकार्यापुरती व घरापुरती मोहाची दारू गुन्ह्यातून वगळावी, आणि त्यापुढचे ग्रामसभेवर सोपवावे. ग्रामसभेतल्या बायांनी उद्या संपूर्ण बंदी ठरविली, तर आम्ही टाळ्या वाजवू. कारण ती बंदी त्यांची असेल, ठाण्याची नव्हे.

केसलापूरच्या नागोबासाठी मेस्राम मंडळी पायी जाऊन गोदावरीचे पाणी आणतात. त्या गंगेला आपण तीर्थ म्हणतो. त्याच हातांना, त्याच अरण्यात, चोराचे हात म्हणू नये, एवढेच आमचे मागणे आहे.