बंद पाकिटाचं शहाणपण

आमच्या वाड्यात पोस्टकार्ड आलं, की ते आधी पोस्टमन वाचायचा, मग शेजारच्या काकू आणि शेवटी आई. म्हणून मावशीला सासरचं काही खरंखुरं कळवायचं असलं, की ती चार पैसे जास्त मोजून बंद पाकीट घ्यायची.

इंटरनेटवर मात्र हे शहाणपण आपण विसरतो. वेबसाइटच्या पत्त्याआधी नुसतं 'एचटीटीपी' असेल, तर तिथे लिहिलेलं पोस्टकार्डासारखं उघडं जातं. वाटेतल्या जाणकाराला ते वाचता येतं, बदलताही येतं. पुढे 'एस' असेल, तर मजकूर सांकेतिक होऊन बंद पाकिटातून जातो. २०१० मध्ये 'फायरशीप' नावाच्या एका छोट्या प्रोग्रॅमने दाखवून दिलं, की उघड्या वाय-फायवर शेजारच्याच्या फेसबुक खात्यात शिरणं किती सोपं होतं!

"बँकेचं ठीक आहे हो ताई, पण आपल्याकडे लपवण्यासारखं काय आहे?" बचत गटातल्या बायका विचारतात. अगं, पाळी चुकली म्हणून धास्तावलेली मुलगी काय वाचते, मार खाणारी बाई कुणाला काय लिहिते, हे चव्हाट्यावर यावं का? 'एस' असला, तर वेबसाइटचं नाव कदाचित कळेल. पण आत काय वाचलं, काय लिहिलं, ते वाटेत कुणाला दिसत नाही.

सांगायला लाज वाटते, पण आमच्याच संस्थेच्या सल्ला केंद्राचा अर्ज कित्येक महिने असा उघडा होता. नाव, फोन, तक्रार, सगळं! एका कार्यकर्तीच्या कॉलेजातल्या मुलीने पत्त्याशेजारचं 'नॉट सिक्युअर' दाखवलं. क्रोम २०१८ पासून तशी सूचना देतं, आम्हीच पाहिली नव्हती. आम्ही खर्चाला घाबरत होतो; पण 'लेट्स एन्क्रिप्ट' हा ना-नफा उपक्रम २०१५ पासून त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र फुकट देतोय. एका दुपारचं काम निघालं.

अर्थात, पाकीट बंद असलं म्हणजे ते घेणारा सज्जनच असतो असं नाही. भामटेही 'एस' लावतात. क्रोमने तर २०२३ मध्ये पत्त्याशेजारचं कुलपाचं चिन्हच काढून टाकलं, कारण लोक त्यावर नको तेवढा विश्वास ठेवत होते. आणि घरातल्याच कुणी फोन उघडून पाहिला, तर 'एस'चा काही उपयोग नाही.

तरीही, केंद्रात आलेली बाई बोलायला लागण्याआधी आम्ही उठून दार लावतो. वेबसाइटवर येणाऱ्या बाईसाठी तेवढं तरी करायलाच हवं, नाही का?