प्रकाश कोणाच्या डोळ्याने मोजायचा?

विद्यार्थी मित्रांनो, आषाढातल्या एखाद्या रात्री पत्र्याच्या छपराखाली झोपला असाल, तर पावसाचा आवाज तुमच्या चांगल्या ओळखीचा असेल. तो ऐकून घरातील वडीलधारी माणसे म्हणतात, "आज फार झाला." पण सकाळी पर्जन्यमापक पाहावा तर कधीकधी निराळेच निघते. टपोऱ्या थेंबांची एक सर पत्रा दणाणून सोडते आणि निघून जाते. बारीक झिमझिम रात्रभर चालते, कोणाची झोपही मोडत नाही, पण मापकात पाणी तीच जास्त भरते. भाताच्या खाचराला आवाज नको असतो, पाणी हवे असते.

प्रकाशाच्या बाबतीत आपण पुष्कळदा पत्र्याचा आवाज मोजतो आणि त्यालाच पाऊस समजतो. 'आपण' म्हणताना मी स्वतःला वगळत नाही. मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो आणि हीच चूक मी केली आहे. ती कशी झाली ते आधी सांगतो.

कामशेतजवळच्या वडिवळे गावचा एक विद्यार्थी माझ्या वर्गात होता. त्याचे मामा अमेरिकेत राहतात. त्यांनी घरी खाऱ्या पाण्याची काचेची टाकी केली होती आणि तीत जिवंत प्रवाळ वाढवले होते. टाकीवरचा दिवा बहुतांशी निळा. प्रवाळाला प्रकाश पुरेसा मिळतो की नाही, अशी मामांना शंका आली. त्यांनी फोन जलरोधक पिशवीत घालून टाकीत धरला आणि त्यातील लक्समापकाचा आकडा वाचला. तो होता २,००० लक्स. भाच्याने तो आकडा माझ्यापुढे ठेवला आणि विचारले, "सर, एवढा पुरे का?"

मी पुस्तकात पाहिले. सूर्यप्रकाशात लक्सच्या आकड्याला ५४ ने भागले की वनस्पतींच्या उपयोगाच्या प्रकाशाचे माप मिळते, असे तेथे दिले होते. मी भागाकार केला. उत्तर आले ३७. कठीण सांगाड्याच्या प्रवाळांसाठी टाक्या बाळगणारे लोक साधारण २०० ते ४०० पर्यंत प्रकाश ठेवतात. मी ठामपणे सांगितले, "प्रकाश फारच कमी आहे. वाढवा." मामांनी दिवा एकदम दुप्पट केला. थोड्याच दिवसांत प्रवाळ पांढरे पडू लागले.

माझा भागाकार बरोबर होता. चुकला होता तो त्यामागचा प्रश्न.

लक्स हे एकक कशासाठी आहे, हे आधी पाहू. लक्स माणसाच्या डोळ्यासाठी बनवलेले आहे. आपला डोळा सर्व रंगांना सारखा दाद देत नाही. ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या हिरवट-पिवळ्या प्रकाशाला तो सर्वांत जास्त दाद देतो. अशा प्रकाशाच्या एका वॉटला ६८३ ल्युमेन मिळतात. ४५० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाच्या एका वॉटला मात्र जेमतेम २६. ऊर्जा तेवढीच, पण डोळ्याच्या लेखी तिची किंमत पंचविसाव्या हिश्श्याहूनही थोडी कमी.

आता प्रवाळाची बाजू पाहा. प्रवाळ हा प्राणी आहे, पण त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाले राहतात. ती प्रकाशसंश्लेषण करतात आणि तयार झालेल्या अन्नाचा मोठा वाटा प्रवाळाला देतात. प्रकाशसंश्लेषणात हिशेब असतो तो फोटॉनांच्या, म्हणजे प्रकाशकणांच्या, संख्येचा. म्हणून वनस्पतिशास्त्रात ४०० ते ७०० नॅनोमीटर या पट्ट्यातील फोटॉन मोजतात. एका चौरस मीटरवर एका सेकंदात किती मायक्रोमोल फोटॉन पडले, हे ते माप. भर दुपारच्या स्वच्छ उन्हात ते सुमारे २,००० असते, तर लक्समापक त्याच उन्हात एक लाखाच्या आसपास दाखवतो. ५४ हा आकडा आला तो येथून, आणि तो उन्हापुरताच खरा आहे.

निळ्या दिव्यासाठी हिशेब तुम्ही स्वतः करून पाहा. ४५० नॅनोमीटरच्या एका मायक्रोमोल फोटॉनांची ऊर्जा सुमारे ०.२६६ ज्यूल भरते. तिला २६ ने गुणले की उत्तर येते सुमारे ७. म्हणजे अशा शुद्ध निळ्या प्रकाशात दर ७ लक्समागे एक मायक्रोमोल मिळतो. ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशासाठी हाच हिशेब केला तर एका मायक्रोमोलला सुमारे १४७ लक्स लागतात. एकच लक्समापक, एकच आकडा, पण फोटॉनांच्या संख्येत एकवीसपट फरक!

तेव्हा २,००० लक्सला ५४ ने नव्हे, त्याहून बऱ्याच लहान आकड्याने भागायला हवे होते. दिवा शुद्ध निळा असता, तर उत्तर २८० च्या पुढे गेले असते. मामांच्या दिव्यात थोडा पांढरा प्रकाशही होता. पुढे त्यांनी फोटॉन मोजणारा क्वांटम मापक मिळवला आणि दिवा पूर्वीइतका करून मोजले, तेव्हा आकडा सुमारे २०० आला. प्रवाळाला प्रकाश आधीच पुरेसा होता. माझ्या सांगण्यावरून तो एकाएकी दुप्पट झाला. फाजील प्रकाशाने शैवालांच्या प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बिघडते. मग प्रवाळ ती शैवाले गमावतो आणि त्याचा पांढरा सांगाडा पारदर्शक कातडीतून दिसू लागतो.

कोणी म्हणेल, मापकाची कशाला एवढी मातब्बरी? डोळ्याने पाहिले की कळते! नेमके तेच कळत नाही. मावळात जूनअखेर ढग उतरले की दुपारचा उजेड उन्हाच्या दहाव्या हिश्श्यावरही येतो, पण आपण ओसरीवर बसून वर्तमानपत्र आरामात वाचतो. घरात दिव्याखाली दोन-तीनशे लक्स असले तरी आपल्याला खोली उजळलेली वाटते. डोळा बाहुली लहानमोठी करतो, स्वतःची संवेदनक्षमता बदलतो आणि फरक झाकून टाकतो. आपल्याला जगायला हा गुण उपकारकच आहे, पण मोजणीच्या कामी तोच आड येतो. खिडकीतल्या टाकीतील पाणवनस्पती श्रावणात का सुकते, हे डोळ्याला कधी उमगत नाही.

माझा विद्यार्थी मात्र एवढ्यावर थांबला नाही. "सर, आता माप कळले. वडिवळ्याला घरीच अशी टाकी करू का?" मी नाही म्हटले, आणि तुम्हालाही तेच सांगतो. आपल्याकडे खडकबांधणी करणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. कायदा १९७२ चा, प्रवाळांचा समावेश २००१ मधला. समुद्रातून ते काढणे किंवा त्यांचा व्यापार करणे हा गुन्हा आहे. २०२० साली मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामात हाजी अली आणि वरळी येथील खडकांवरचे प्रवाळ हलवायचे होते, तेव्हा तेही परवानगी घेऊन शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली करावे लागले.

शिवाय महाराष्ट्राचे प्रवाळ त्यांच्या जागीच आपल्याला प्रकाशाचा धडा देतात. मालवणजवळच्या समुद्रात, जेथे १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झाले, प्रवाळ उथळ पाण्यात आहेत. किनाऱ्याजवळचे पाणी गाळाचे, त्यामुळे प्रकाश खोल जात नाही. उलट विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभर किलोमीटरहून अधिक दूर, भर समुद्रात, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखली जाणारी आंग्रिया बँक आहे. या बुडालेल्या पठाराचा माथा पाण्याखाली सुमारे २० मीटरवर आहे आणि तेथेही प्रवाळ वाढतात, कारण तेथील पाणी नितळ आहे. पाणी तांबडा रंग पहिल्या काही मीटरांतच गिळून टाकते, तर निळा खोलवर पोचतो. प्रवाळाच्या टाकीवर निळा दिवा का लावतात, याचे उत्तर येथे आहे.

मग वडिवळ्याच्या मुलाने काय करावे? त्याच्या गावाला वडिवळे धरणाचे पाणी आहे. ते पाणी हीच त्याची प्रयोगशाळा. १८६५ साली आंजेलो सेकी या इटालियन शास्त्रज्ञाने भूमध्य समुद्रात पांढरी तबकडी दोरीने सोडून पाण्याची पारदर्शकता मोजली. तलावासाठी २० सेंटिमीटर व्यासाची तबकडी घेतात आणि तिचे चार भाग आळीपाळीने काळे-पांढरे रंगवतात. पत्र्याची जुनी थाळी, रंग, एखादे वजन आणि दर १० सेंटिमीटरला गाठ मारलेली दोरी एवढे साहित्य पुरे. तबकडी दिसेनाशी होते ती खोली लिहून ठेवायची. समजा, ती २ मीटर आली. १.७ ला २ ने भागले की ०.८५ हा प्रकाश क्षीण होण्याचा गुणांक मिळतो. नियम ढोबळ आहे, पण उपयोगी आहे. त्यावरून पृष्ठभागावरील प्रकाशाचा शंभरावा हिस्सा सुमारे साडेपाच मीटरवर उरतो. त्याखाली पाणवनस्पतींचे जगणे कठीण. पाऊस सरल्यावर आणि पुन्हा फाल्गुनात हाच प्रयोग करा आणि आकडे ताडून पाहा. पाण्यावर मात्र एकट्याने जाऊ नका. शिक्षकांबरोबर जा, आणि पावसाळ्यात मुळीच नको. गावातली कठडा असलेली विहीरही चालेल, तेथेही मोठे माणूस बरोबर हवेच.

तुम्ही म्हणाल, सर, येथेही मापक डोळाच झाला की! शंका रास्त आहे. पण येथे आपण डोळ्याला "किती?" असे विचारत नाही, "दिसते की नाही?" एवढेच विचारतो. तेलाच्या डागाचा बुन्सेनचा प्रकाशमापक असाच चालतो. त्यात डाग दिसेनासा होतो का, इतकेच पाहायचे असते. डोळा मोजणीत कच्चा, पण तुलनेत पक्का. त्याच्याकडून जमेल तेच काम घ्यावे.

शेवटी शिक्षक मित्रांना एक विनंती. आपल्या शाळांत तापमापक आहे, तराजू आहे, व्होल्टमापक आहे. प्रकाशाचे मात्र आपण आरसे आणि भिंगे शिकवतो, किरणाकृती काढून घेतो, आणि प्रकाश किती आहे हे कधी मोजत नाही. ज्या मावळात हरितगृहांत गुलाब पिकतात आणि शेतकरी शेडनेट घेताना ते किती टक्क्यांचे घ्यावे याचा विचार करतो, तेथल्या मुलांना हे मोजमाप परके राहावे, हे बरे नाही. क्वांटम मापक महाग आहे हे खरे. पण तालुक्यातील शाळांनी मिळून एक घ्यावा आणि आळीपाळीने वापरावा. तोवर फोनमधला लक्समापक आहेच. दिव्यापासूनचे अंतर निम्मे केल्यावर आकडा चौपट होतो का, ते पाहा. मग दिव्यापुढे निळा जिलेटिन कागद धरा आणि आकडा किती घसरतो ते पाहून मुलांना विचारा, फोटॉनही तितकेच घटले का?

लक्स वाईट आहे असे मी म्हणत नाही. वर्गात फळा नीट दिसतो का, रस्त्यावर उजेड पुरेसा आहे का, हे ठरवायला लक्सच हवा, कारण तेथे पाहणारा माणूस असतो. गुलाब, पाणवनस्पती, प्रवाळ यांना डोळे नाहीत. त्यांच्यासाठी मोजताना आपला डोळा मध्ये आणू नये.

मामांच्या टाकीतले काही प्रवाळ सावरले, काही गेले ते गेलेच. तेव्हापासून कोणी विद्यार्थी आकडा घेऊन आला की मी लगेच भागाकार करत नाही. आधी विचारतो, "हा आकडा कोणी मोजला, कशाने मोजला आणि कोणासाठी मोजला?" तुम्हीही, मित्रांनो, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय कोणत्याही आकड्यावर विश्वास ठेवू नका. मग तो आकडा पुस्तकातला असो की तुमच्या सरांनी सांगितलेला असो.