एक शब्द, तीन बिऱ्हाडे

दिवाळीच्या सुट्टीत नात वाशीमला आली, की आमच्या घरातल्या जुन्या कोशावरची धूळ झटकली जाते. यंदा तर पहिल्याच सकाळी, अभ्यंगस्नान आटोपून मी चहाची वाट पाहत बसलो असता, बाईसाहेबांनी विचारले, "आजोबा, पेरिविंकल म्हणजे काय हो?"

"अगं, आपली सदाफुली!" मी ऐटीत तुळशीवृंदावनाजवळच्या झुडपाकडे बोट दाखविले.

"पण माझ्या पुस्तकातली मुलं समुद्रावर पेरिविंकल गोळा करून उकडून खातात! आणि माझ्या रंगपेटीतला पेरिविंकल निळा आहे. आपली सदाफुली तर गुलाबी!"

झाले! समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या वाशीमात मला समुद्रातली गोगलगाय शोधणे आले. कोश उघडला. खरेच की, एका शब्दाची तीन बिऱ्हाडे! फुलाचे नाव लॅटिन 'पर्विंका'पासून आलेले, गोगलगायीचे जुन्या इंग्रजीतल्या वेगळ्याच शब्दापासून. दोन गावचे वाटसरू झिजत झिजत एकाच धर्मशाळेत उतरले, एवढेच. वाचकहो, आपल्याकडे तरी दुसरे काय झाले? माझ्या लहानपणी माणसाचे 'नांव' डोक्यावर अनुस्वार मिरवीत असे आणि नदीतली 'नाव' बोडकी असे. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी तो अनुस्वार उतरविला आणि दोघांचा चेहरा एक झाला.

राहिला रंग. तो युरोपातल्या निळ्या फुलाच्या वेलीचा. आपली सदाफुली त्या वेलीची नातलग खरी, पण तिचे माहेर मादागास्कर बेटावर. लिनियसने 1759 मध्ये तिला 'विन्का' कुळात घातले. पुढे शास्त्रज्ञांनी तिला 'कॅथरॅन्थस' हे स्वतंत्र घर दिले. पण दारावरची जुनी पाटी कुणी काढलीच नाही! बंगालीत ती नयनतारा, तामिळात नित्यकल्याणी, आणि मल्याळीत तिचे एक नाव चक्क 'शवंनारी', म्हणजे प्रेताच्या वासाची. एकाच फुलाला कुणी कल्याणी म्हणावे आणि कुणी प्रेताशी जोडावे!

"आणि आपलं वाशीम?" नातीने विचारले. आमचे वाशीम म्हणजे वाकाटकांची राजधानी वत्सगुल्म. त्यातल्या 'गुल्म' शब्दाचे अर्थ तरी किती! झुडूप, सैन्याची तुकडी, आणि वैद्यांच्या पोथीत पोटातली गाठ.

'गाठ' म्हणालो आणि जीभ चावली. एवढ्यात सौ. अंगणात आली, सदाफुलीची चार पाने खुडली आणि तोंडात टाकणार, तोच नात ओरडली, "आजी, ती कशाला खातेस?"

"साखरेला चांगली असतात. शेजारच्या काकूंनी सांगितलंय."

डॉक्टरांच्या गोळ्या फळीवर पडलेल्या मला दिसत होत्या. महिनाभर मी हे पाहत होतो आणि घरात वाद नको म्हणून गप्प बसलो होतो. आता बोलणे भाग होते.

जमैकात लोक मधुमेहावर या पानांचा काढा घेत. तिथून 1952 मध्ये ती पाने कॅनडातल्या नोबल बंधूंकडे पोचली. रॉबर्ट नोबल यांनी उंदरांना काढा पाजला. साखर हलली नाही. अर्क टोचून पाहिला, तेव्हा रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या. त्यातूनच चार्ल्स बिअर यांच्यासह त्यांनी 1958 मध्ये विन्ब्लास्टिन वेगळे काढले. त्याची बहीण विन्क्रिस्टिन 1963 मध्ये अमेरिकेत औषध म्हणून मान्य झाली. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात आजही तिचाच आधार घेतात.

हे नाव आमच्या घरात कुणाला परके नव्हते. सहा वर्षांपूर्वी ही पोरगी चार वर्षांची असताना तिच्या सलाइनशेजारच्या कागदावर मी ते रोज वाचीत असे. फूल तेच, पण तिथे त्याचा थेंबन्‌थेंब मोजून देत आणि दर वेळी आधी रक्त तपासून पाहत.

"म्हणजे," मी सौ.ला म्हणालो, "या पानात 70 हून अधिक द्रव्ये आहेत. तारणारी आहेत, मारणारीही आहेत. चार पानांत कोणते किती, हे शेजारच्या काकूंना ठाऊक आहे का?"

सौ. काही बोलली नाही. तिने नातीकडे पाहिले. तिच्या दाट केसांवरून हात फिरविला आणि पाने तुळशीच्या मुळाशी टाकून दिली.

कोशात तीनच अर्थ होते. मी पेन्सिल घेऊन समासात चौथा लिहिला: आमची नात.

इतक्यात आतून हाक आली, "अहो, माझी साखरेची गोळी कुठं ठेवलीत?"