फायर कोर्सची फी भरताय? आधी भरतीची जाहिरात वाचा

‘सहा महिन्यांचा कोर्स, नोकरीची हमी’ अशा जाहिराती तुम्हीही पाहिल्या असतील. पण घातलेले पैसे खरंच वसूल होतात का?

मागणी आहे, हे खरं. महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू ठेवणं ही मालकाची आणि भोगवटादाराची जबाबदारी आहे. दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीचं तसं प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्यामुळे मॉल, रुग्णालयं, कारखान्यांना प्रशिक्षित माणसं लागतात.

मात्र सरकारी भरतीत प्रमाणपत्र कुणाचं, हे पाहिलं जातं. अनेक नगरपालिका, महापालिका राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा कोर्स मागतात. तिथे खासगी संस्थेचा कागद चालेलच असं नाही. शिवाय शारीरिक अटी वेगळ्याच. मुंबई महापालिकेच्या 2023 मधल्या 910 अग्निशामकांच्या भरतीत पुरुषांसाठी 172 सेंटिमीटर उंचीची अट होती. उंची कमी भरली, की कोर्स असूनही उमेदवार बाद.

म्हणून हिशेब असा करा: फी, राहण्या-जेवणाचा खर्च आणि सहा महिन्यांची बुडालेली कमाई. या बेरजेपुढे सुरुवातीचा पगार ठेवा. मग दोन-तीन जुन्या भरतींच्या जाहिराती काढून कोर्सचं नाव, वय आणि उंची ताडून पाहा. संस्थेला ‘हमी’ लेखी मागा. टाळाटाळ झाली, तर उत्तर तुम्हाला मिळालंच.