पोराचा ताप आणि रोवणीचा दिवस



रोवणीच्या दिवसांत घरीं पोर तापानें फणफणलें कीं काय होतें? आजी दृष्ट काढते, शेजारीण अंगारा लावते, भगताला कोंबडा नि नारळ पोंचतो. आई बांधींत चिखलांत उभी. दिवस चुकला तर मजुरी बुडते. मग शहाणे म्हणतात, आई अडाणी! तिची मजुरी कोण भरून देणार, तें मात्र कोणी बोलत नाहीं.

ताप म्हणजे बाहेरची बाधा नव्हे. रोगाशीं शरीराची चाललेली ती झुंज आहे. पोरास घोंगडींत गुंडाळूं नका, थंड पाण्यानें न्हाऊं घालूं नका. अंगावरचें दूध, पेज, पाणी घोटघोट चालू ठेवा. लंघन हा निव्वळ खुळेपणा. पॅरासिटामॉल द्यावयाचें तें वजन पाहून: दर किलोस फार तर 15 मिलिग्रॅम, सहा सहा तासांनीं, दिवसांत चारदांच. मोठ्यांची गोळी मोडून देऊं नका. ॲस्पिरिन तर मुळींच नको.

पण आपला गोंदिया जिल्हा तळ्यांचा व रानाचा. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगांवकडे हिंवताप ठाऊक नाहीं असें घर कोणतें? म्हणून ताप आला त्याच दिवशीं गांवच्या आशाताईकडून रक्त तपासून घ्या. बोटाचा एक थेंब, अर्ध्या तासाच्या आंत निकाल, पैसा लागत नाहीं. डासाच्या पोटांत हिंवतापाचें बीज रॉस साहेबास 1897 सालीं सिकंदराबादेस सांपडलें, आणि आपण अजून लिंबें कापतों!

पोर तीन महिन्यांच्या आंतलें असेल, दूध तोडलें, सगळें ओकूं लागलें, आंचके आले, धाप लागली, हलवूनहि जागें होईना, तर 108 ला फोन करा. तेव्हां भगत नको, आणि दरेक तापास सुई टोचणारा बिनपदवीचा डॉक्टरहि नको.

त्याच 1897 सालीं पुण्यास प्लेगाच्या साथींत सावित्रीबाई फुले ह्यांनीं दुसऱ्याचें आजारी पोर पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यांत पोंचविलें, व त्याच रोगानें 10 मार्चला त्यांचा अंत झाला. आपणांस एवढें मोठें कांहीं करावयाचें नाहीं. रोवणीच्या टोळीनें हंगामाआधीं ठरवावें: जिचें पोर तापलें, तिच्या वाट्याची रोवणी त्या दिवशीं बाकीच्यांनीं ओढावी आणि मजुरींत तिचा वाटा पुरा धरावा. काम ठेक्यानें घेतलें असेल तर मालकास विचारण्याचेंहि कारण नाहीं.