शंभर जिभांचा पक्षी

मे महिन्यात दक्षिण फिनलंडच्या झाडोऱ्यात रात्री एक पक्षी गाऊ लागतो. दिसायला अगदी साधा, मातकट तपकिरी. इंग्रजांनी आणि स्वीडिशांनी त्याला 'रात्रीचा गायक' म्हटले. फिनिश माणूस त्याला 'सताकिएली' म्हणतो. 'सता' म्हणजे शंभर, 'किएली' म्हणजे जीभ. (आपण नाइटिंगेलची सरसकट कोकिळा करून टाकतो, त्यात पक्षीच बदलतो. असो.)

यातला 'किएली' मला फार आवडतो. जीभही तीच, भाषाही तीच आणि तंतुवाद्याची तारही तीच! म्हणजे या पक्ष्याच्या गळ्यात शंभर जिभा समजा, शंभर भाषा समजा, नाहीतर शंभर तारा.

पण मराठी कान टवकारतात ते 'सता'पाशी. शत, शतक, शेकडा ही आपली मंडळी तिथे कशी? फिनिश काही आपल्या भाषाकुळातली नव्हे. तिचे नाते एस्टोनियन आणि हंगेरियनशी. तरीही हा योगायोग नाही. सुमारे चार हजार वर्षांपूर्वी व्होल्गा आणि उरल पर्वताच्या परिसरात या कुळाच्या पूर्वजांना शेजार होता तो संस्कृत आणि इराणी भाषांच्या सामाईक पूर्वज-भाषेचा. शंभर हा आकडा त्यांनी या शेजाऱ्यांकडून घेतला. हातोड्याचा 'वासरा' हा शब्दही तिकडचाच, आपल्या 'वज्रा'चा भाऊबंद.

हे कळले की आपल्याकडे लगेच छाती फुगते : पाहा, संस्कृत फिनलंडपर्यंत पोचली! मला हा उत्साह पटत नाही. एक तर संस्कृत तेव्हा जन्मायची होती. दुसरे म्हणजे, त्याच गाठोड्यात 'ओर्या' हाही शब्द आहे. त्याचा संबंध अनेक भाषातज्ज्ञ 'आर्य' या शब्दाशी जोडतात. फिनिशमध्ये त्याचा अर्थ आहे गुलाम! शेजाऱ्यांतली माणसे लढाईत पकडून राबवली असतील, त्यांचे नाव धंद्याला चिकटले असेल. घ्यायचा तर हाही अभिमान घ्यावा लागेल.

आणि मराठीतले फारसी शब्द वेचून बाहेर काढायला निघालेल्यांनीही फिनिशांकडे जरा पाहावे. स्वाभिमानात ते कमी नाहीत. टेलिफोनलासुद्धा त्यांनी 'बोलणे' या क्रियापदावरून 'पुहेलिन' असा घरचा शब्द घडवला. 'सता'ला मात्र कोणी परका म्हणून हाकलले नाही. उलट त्याच्यापुढे वर्ष या अर्थाचा आपला 'वुओसि' जोडला आणि शतकासाठी शब्द केला : 'वुओसिसता'.